चूक भूल द्यावी घ्यावी

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
प्रत्येक पट्टीच्या तळाशी मी हेच लिहितो.
सोळा वर्षं. शेवटची चार
खुर्चीतून आधाराशिवाय न उठता.

घोटा मोडला कोपरखैरण्याच्या खोलीत, मोरीत,
साबणाची वडी उचलायला वाकलो एवढंच.
वाशीला भूल देणाऱ्या बाई, डॉक्टर कारखानीस,
माझी जाड फाईल मांडीवर घेऊन बसल्या.
म्हणाल्या, तुला सबंध झोपवणार नाही.
काही औषधं तुझ्या स्नायूंना चालत नाहीत,
आणि छाती एकदा मशीनवर टेकली
की आपली आपण उठेल का, सांगता येत नाही.
फक्त पाय झोपवू.
"तो तर कधीचाच पेंगतोय," मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
मग हसल्या.

टेबलावर घ्यायला चौघे आले. एक, दोन, उचल.
माझं वजन शेहेचाळीस. गोणी पन्नासची.
बाहेर बाकावर बसलेल्या तात्यांनी
अशा किती पाठीवर घेतल्या
ते कुठल्याच पट्टीत नाही.

गुडघ्यामागे गार जेल, पडद्यावर धुकं.
"हा स्नायू. पांढरा पडलाय, बघ.
आणि ही नस. ही मात्र ठणठणीत आहे."
म्हणजे ही बिचारी इतकी वर्षं
निरोप पोचवत राहिली
ओस पडलेल्या घरी.

गार लागतंय?
लागतंय.
आता?
थोडं.
आता?
कुणाच्या पायाला विचारताय?

जो पाय जायला अठरा वर्षं लागली
तो बाईंनी वीस मिनिटांत नेला
आणि सांगितलं, रात्री परत मिळेल.
या पायाबद्दल 'परत'
कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

हिरव्या कापडापलीकडे सुतारकाम चाललं,
गिरमिट, स्क्रू, कुणीतरी पट्टी मागितली
(ती पट्टी वेगळी).
मी श्वास मोजत होतो.
माझेच. मीच घेतलेले.

रात्री तात्या पायाशी,
बधिर पाय कॉटवरून घसरू नये म्हणून
गुडघ्यावर हात ठेवून, डुलक्या घेत.
हात दिसत होता. कळत नव्हता.

पावणेदोनला अंगठ्यात एक ठणका.
मग घोट्यात. मग सगळीकडे.
आई गं, म्हटलं, तसे ते दचकले. काय झालं?
उतरला, म्हटलं, माल उतरला.
त्यांना काही समजलं नाही.

जसा नेला तसा, तेवढाच लुळा,
वर एक खरखरीत हात,
चांगलाच जड.