न पचणारी साखर

मे महिना. कूलरचं गवत सुकून कडकड वाजतंय,
आणि उणे वीसच्या फ्रीझरमध्ये
झोपली आहेत सव्वीस बायांची दुधं.
लेबलवर नुसते आकडे. सतरा नंबरची बाटली मात्र मी ओळखते,
झाकणावर हळदीचं बोट उमटलंय.

या दुधात एक साखर असते,
बाळाला ती पचतच नाही.
मग आई ती रांधते कुणासाठी?
आतड्यात वस्तीला आलेल्या जंतूंसाठी, असं आता म्हणतात.
म्हणजे न बोलावलेल्यांचंही पान
तिने आधीच मांडलेलं असतं.

ती साखर मी वेगळी करते
आणि थेंबभर सोडते बशीत,
जिथे कुणाच्यातरी गालातल्या पेशी वाढतायत.
कुणाचा गाल, ते कागदावर नाही.
मला मात्र दिसते खर्ऱ्याची पन्नी,
पानठेल्याच्या फळीवर घासणारा तळवा,
आणि माझा भाऊ हेमराज:
तोंड दोन बोटांवर उघडत नाही,
संत्र्याची फोड चिरून, दाताआड सरकवून खातो.

कॅन्सरची पेशीही साखर नेसूनच हिंडते,
घरचीच असल्यासारखी.
पहारेकरी बाजूला होतात.
ही दुसरी साखर कदाचित तिचा पदर ओढत असेल.
कदाचित.
एका पानावर हा शब्द मी अकरा वेळा लिहिलाय.
बहात्तर तासांनी चार बशांत वाढ जराशी मंदावली,
दोघींत नाही,
एकीला बुरशी आली.

दुपारी अजनीहून एक पोरगा आला, हातात स्टीलचा डबा.
"मॅडम, पावभर भेटन का जी? बाबाले पाजतो.
कोणीतरी सांगतलं, यानं गाठ जाते म्हणून."
डबा राखेनं घासून लख्ख केलेला.
मी म्हटलं, बाबा रे, बशी म्हणजे माणूस नाही.
हे दूध सातव्या महिन्यात आलेल्या लेकरांचं आहे.
"हो जी," तो म्हणाला,
आणि रिकाम्या डब्याचं झाकण
नीट दाबून लावलं,
जसं काही सांडेल.

रात्री लाइट गेली.
जनरेटर लागेपर्यंत मी फ्रीझरच्या दाराला पाठ लावून उभी,
आकडे मोजत.
तेवढ्यात हेमराजचा फोन:
"झालं का वं तुझं औषध?"
नाही रे. तोंड किती उघडतं आज?
"दोन बोटं. कालच्याइतकंच."
बरं. उद्या परत मोज.