वाऱ्याचा कोन

डोलकाठीच्या टोकाला मुश्ताकनं पातं बसवलं,
बोटभर, पोटात चुंबक.
"सुकाणू सोड आता," म्हणाला,
"वारा डाव्या गालावर
पंचेचाळीस अंशांत धरंल हे. आपोआप."

टेम्पोच्या वायपरची मोटर
सुकाणू ढकलायची. घुर्र. थांबायची. घुर्र.
दर झुळकीला दचकू नये म्हणून
तिला शिकवलं होतं:
आठ सेकंद बघ, सरासरी काढ, मग वळ.
(मला हे विसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर.)

निघालो नाथसागरात,
पैठणची भिंत नाकासमोर.
डबा सोडला. ठेचा, भाकर.
शीड तट्ट फुगलेलं, एक सुरकुती नाही.

भाकर संपली तेव्हा भिंत नव्हती.
समोर तीच बाभूळ, तीच बगळ्यांची घाण,
आणि धुणं आपटणारी बायजाक्का.
"लवकर आलात," म्हणाली.

मुश्ताकनं वायरी तपासल्या. सगळ्या ठीक.
वाराच फिरला होता, हळूहळू, मुकाट,
आणि त्याच्यामागं होडी,
इमानानं, एक अंशही न चुकता.

वाट आम्ही तिला विचारलीच कुठं होती?

मुश्ताक पात्याकडं बघत राहिला, मान दुखेस्तोवर.
बायजाक्कानं लुगडं झटकलं, दोरीवर टाकलं.
ते पैठणकडं फडफडलं.