गाठ

दौलत नन्नावरेनं तिसऱ्यांदा फवारणीचा पंप
माझ्या टेबलावर ठेवला.
तिसऱ्यांदा तोच वास,
कुणी प्लास्टिकची फणी चुलीत टाकावी तसा.

झाकण काढलं. बोर्डावर काळा फोड.
मोटर चालवणारा मॉस्फेट मधोमध फुटलेला,
शेजारचा डायोड पायांवरून उडालेला.
बॅटरी उलटी लागली की असंच होतं.
एरवी बंद असणारी दोन्ही दारं
मागच्या बाजूनं सताड उघडतात,
बारा व्होल्ट मोटरकडे जातच नाहीत,
बोर्डातूनच आडवे धावतात.

"दौलतभाऊ, लाल ते लाल, काळं ते काळं.
एवढं पाहून लावायला काय होते?"
"पाहूनच लावलं ना, ताई," तो म्हणाला,
आणि खिशातली सुपारी शोधत राहिला
बराच वेळ, एवढ्याशा खिशात.

मी दोन वायरी समोर धरल्या. यातली लाल कोणती?
तो ट्यूबलाइटखाली सरकला. उलटसुलट करून पाहिल्या.
"दोनी काळ्याच हायेत ना?"

बाहेर सातऱ्यावर मिरची वाळत होती.
भिवापूरची मिरची, पार रस्त्यापर्यंत पसरलेली,
जाणाऱ्या-येणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी.
बेचाळीस वर्षं हा माणूस तिच्यात वावरला,
पिकली की नाही ते बोटांनी दाबून सांगत आला,
आणि लोक म्हणायचे, काय हात आहे याचा!

मी सोल्डर तापत ठेवला.
आधीच्या दोन वेळी त्याला काय काय बोलले होते
ते आठवत बसले.

साधा डायोड चालला असता, पण तो
वाटेतच अर्धापाऊण व्होल्ट खातो, वर तापतो.
फ्यूज लावावा तर दर वेळी नवा आणा.
म्हणून बॅटरीच्या वाटेवर आणखी एक मॉस्फेट बसवला,
पी-चॅनलचा, गेट निगेटिव्हला बांधून.
सुलट आली की वाट देतो.
उलटी आली तर भांडत नाही, तापत नाही,
नुसता दार उघडत नाही.
तपासायला मीच मुद्दाम उलटी लावली.
धूर नाही. आवाज नाही.
दौलत वाकून त्या काहीच-नाहीकडे पाहत होता.

मग लाल वायरीला एक गाठ मारली, घट्ट,
आणि बॅटरीच्या अधिक टोकापाशी
एम-सीलचा एक मणी चिकटवला.
"मणी तिथं गाठ," मी म्हणाले.
त्यानं डोळे मिटून दोनदा लावून पाहिली.
"घरी नोको सांगजा, ताई."

नोटा मापानं ओळखत पैसे दिले,
पंप पाठीला लावला, पायरीवर थांबला.
"तुमाले कसा दिसते हो सातरा?"
लाल, मी म्हणाले.
आणखी काय सांगणार.

तो गेल्यावर लाल वायरीचं वेटोळं हातात घेतलं
आणि हे काळंच आहे असं समजून पाहत राहिले.
जमलं नाही.