जिलेटिन, पाच अंश

हलमधल्या तळघरात काचेची टाकी,
तीत चाळीस लिटर जिलेटिन, पाच अंशांवर गोठवलेलं.
आईला फोनवर ‘जेली’ म्हणते;
डुकराच्या कातडीचं, हे सांगायचं राहून जातं.

खालून सुई. लाल पाणी.
आधी काहीच नाही,
मग एक पातं, उभं, नखाएवढं पातळ,
कुणी आतून चिरत यावं तसं वर.
मी सेकंद मोजते.
हा शिलारस, आणि ही जेली म्हणजे चार किलोमीटर खडक.
मानायचं म्हटलं की मानता येतं.

घरमालक विल्फ ब्लॅनशार्ड तीस वर्षं हंबरच्या बांधावर होता.
त्याच्या लेखी डाइक म्हणजे चर, पाणी वाहून नेणारा.
बांधाला तो नुसतं ‘बँक’ म्हणतो.
“तुमची पुस्तकं उलटी आहेत, पोरी.”

रविवारी भरतीच्या वेळी मला घेऊन गेला.
मातीचा बांध, वर मेंढ्या,
एकीकडे नदी, दुसरीकडे वाटाण्याचं शेत,
आणि शेत नदीपेक्षा खाली.
पायथ्याशी तो गुडघ्यावर बसला,
सशाच्या बिळात कोपरापर्यंत हात घातला,
बोटं उजेडात धरली.
“ओल आहे. गढूळ नाही.”
एवढं बोलून सँडविच काढलं.

सोमवारी पातं
पृष्ठभागाच्या दोन बोटं खाली अडलं.
सगळे हळहळले, अख्खा दिवस वाया.
मी वाकून
काचेच्या कडेकडेने बोट फिरवलं
आणि वहीत, निरीक्षणाच्या रकान्यात, लिहिलं:
ओल आहे, गढूळ नाही.
मग खोडलं.