पाय नुसते नोकर

रोन्सेच्या प्राथमिक शाळेत, गुरुवारी साडेसातला,
दोरखंड भिंतीशी गुंडाळून ठेवलेले,
फरशीला खडूचा आणि ओल्या मोज्यांचा वास,
आम्ही सातजण पाठीवर पडलेलो.
सगळ्यांच्या मांड्या बैलासारख्या
आणि एकालाही स्वतःच्या पायाचा अंगठा धरता येत नाही.

गोदेलीव्ह सांगते, बरगड्या मिटा,
छत्री मिटतात तशा.
ती तीस वर्षं खाटकाची बायको होती.
कुठला स्नायू कुठे संपतो
हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.
बेंबीखाली दोन बोटं टेकवून म्हणते,
इथून.
पाय नुसते नोकर आहेत.

मी हसलो.
मग तिने पाय उचलायला लावले,
दोन्ही, सरळ, दहा श्वास.
चौथ्या श्वासाला माझं पोट थरथरायला लागलं
हिवाळ्यात चालू न होणाऱ्या ट्रॅक्टरसारखं.

वडील म्हणायचे, मोडेन पण वाकणार नाही.
मी तर चाळीस वर्षं वाकलेलाच,
हँडलच्या खालच्या बाकाला लटकून,
वाऱ्याला कमीत कमी अंग देत.
पाठीने तोच आकार धरला.
जेवतानाही मी असा ताटावर ओणवा,
की बायको विचारायची, कुणी मागे लागलंय का?
इतका वाकलो,
आणि आता वाका म्हटलं तर
बोटं गुडघ्यापाशीच थांबतात,
अनोळखी दारात थांबावं तशी.

फ्लोरेंट त्र्याहत्तरचा.
शवासन हा शब्द गोदेलीव्ह तीन तुकड्यांत म्हणते,
तिसऱ्या तुकड्याआधीच तो घोरायला लागतो.
हे एक आसन त्याला पहिल्या दिवसापासून येतं.

नोव्हेंबर गेला, जानेवारी गेला.
अंगठा अजून वीतभर लांब.
गोदेलीव्ह विचारते, वीत तुझी की माझी?

मार्चमधला रविवार. दगडी चढ,
एकेक दगड ओला, पावाच्या पाठीसारखा.
दात वाजताहेत, बाटली खडखडतेय.
पहिला मी नव्हतोच, यॉरिस केव्हाच वर पोचला होता.
पण चढाच्या मध्यावर,
जिथे एरवी मला फक्त पुढचं चाक दिसतं,
मी मागे वळलो.
नुसती मान नाही, बरगड्यांपासून, सावकाश,
ओलं कापड पिळावं तसा,
आणि सायकल रेघेवरून हलली नाही.

आजवर मागे कोण आहे ते कानांनीच कळायचं,
धापेवरून, साखळीच्या कुरकुरीवरून.
वळलं की तोल जायचा, म्हणून वळायचोच नाही.
मग आवाज पुसट व्हायचे,
आणि मला वाटायचं, मी वेगात आहे.

खाली वळणावर फ्लोरेंट,
उतरलेला, सायकल ढकलतोय,
शिव्या घालतोय दगडांना, नगरपालिकेला, मला.

मी वेग कमी केला.
चढावर इतकं हळू जाताना
आडवं होऊ नये म्हणून
पोट आपोआप आत गेलं.