नाईक तलाव, सकाळी सात

दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी
सोडते पाण्यात.
वीतभर खाली गेली नाही तोच दिसेनाशी.
वहीत लिहिते : एकोणीस सेंटिमीटर.

झिबल नान्हे डोंग्यातून विचारतो,
"काय हरपलं, मॅडम?"
सांगते : स्फुरद वाढलंय. नत्रही.

"म्हंजे जेवन जास्त झालं.
वस्तीचं उष्टं, साबन, गनपतीचे हार,
कोनालेच नाही म्हनत नाही हे."
वल्ह्याला गुंतलेली जलपर्णी सोडवत राहतो.
मग, माझ्याकडे न बघता,
"पहाटं मासोया वर येतेत. तोंडं उघडून.
तवा जायं टाकत नाही मी."

बाटलीवर तारीख घालते.
हिरवं पाणी डिकीत, बर्फाच्या डब्यात.
सिग्नलला ब्रेक लावला
की डचमळतं,
भरल्या पोटासारखं.