एक पूर्णांक एक

ओतानिएमीला रात्री उणे सव्वीस.
ओइवा कोटाची बटणं सोडत म्हणतो,
बाहेर तशी ऊबच आहे.
खरंच म्हणतो तो. इथे तळघरात
सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्यांखाली
शून्य अगदी हाताशी आलंय,
अंशाचे काही हजारावे भाग तेवढे उरलेत.
पंप घोरतोय
चुलीपाशी म्हातारं कुत्रं घोरावं तसा.

तूलिक्कीचा हा त्रेचाळिसावा तुकडा.
पेन्सिलीतल्या शिशाचा पापुद्रा, चिकटपट्टीनं सोललेला,
त्याचेच दोन भाग एकावर एक,
वरचा किंचित फिरवून:
एक पूर्णांक एक दशांश अंश.
आधीचे बेचाळीस
कधी तापवताना, कधी नुसतेच,
घसरून सरळ झाले.
सरळ झाले म्हणजे वाया गेले.

जाळीचे दोन पडदे एकावर एक धरले
की तिसरीच नक्षी उमटते,
दोघींपैकी कुणीच न विणलेली.
तिच्या खळग्यांत इलेक्ट्रॉन मंदावतात.
एरवी एकमेकांना टाळणारे,
घाई सरली की जोडीनं निघतात.
कोन सापडलाय.
जुळवणारा कोण, ते नाही.

तीन वाजून दहा.
रेघ उतरत आली, तळाला टेकली,
टेकूनच राहिली.
रोध शून्य.
तूलिक्की काही बोलली नाही.
कॉफीचा कप तिनं आवाज न करता ठेवला,
जणू कुणी आत्ताच झोपलंय.

मग चुंबक, चिमूटभर.
शून्याला बारीक भोकं पडतात,
प्रत्येकाभोवती प्रवाह गरगरतो: भोवरे.
सगळे एकाच मापाचे,
सुटे पैसे मिळत नाहीत इथे.
कुठल्या सुरकुतीत, अडकलेल्या हवेच्या फुग्यापाशी
रुतून बसतात. बसलेत तोवर शून्य शाबूत.
एक जरी सरकला
की रेघ शहारते.

"पोरांच्या टाळूवर असतो तसाच की," ओइवा म्हणाला.
"कसाही विंचरा, एका जागी केस फिरणारच."
त्यानं लोकरी टोपी काढली. आत केस नव्हतेच.
बोट ठेवून जागा दाखवली:
"इथं होता. आई ओल्या फणीनं बसवायची.
जत्रा असो, चर्च असो,
बसला नाही कधी."

तूलिक्की हसली,
चुंबक आणखी थोडा वाढवला.
रेघ उचलली गेली,
केसभर.
वहीत तिनं वेळ टिपली,
आणि खाली, पेन्सिलीनंच:
एक निसटला.